डाव्या चाकाची पिन

माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधी नीट कळलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली. लिहिण्यात जिथं चुकेल तिथं सांभाळून घ्या. लिहिण्यातलं तेवढंच सांभाळून घ्या, बाकीचं नको. कारण हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, जाऊबाईंना नाही, मुलींना तर नाहीच. ज्या दोघांना सांगायचं होतं ते दोघंही आता नाहीत. ते असताना सांगायला पाहिजे होतं — पण ते पुढे येईल.

आधी भासऱ्यांबद्दल सांगते. त्यांच्याबद्दल सांगायला मला आवडतं म्हणूनही असेल, आणि मुद्द्यावर यायला भीती वाटते म्हणूनही असेल.

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांसमोर पदर पुढे ओढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी आमच्या घरची रीत. त्यांनीही तिच्याशी थेट बोलायचं नाही. मग ते भिंतीकडे पाहून बोलत. "कोणी असन तर पाणी द्या." मी तांब्या ठेवून बाजूला होई. काही विचारलं आणि हो म्हणायचं असलं, तर मी हातातल्या बांगड्या वाजवायची. वाजल्या म्हणजे हो. नाही वाजल्या म्हणजे नाही. आठ वर्षं एका घरात राहून त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता. आणि तरीही त्या घरात माझी किंमत त्यांनाच सगळ्यात जास्त कळली होती, असं मी म्हटलं तर पटेल तुम्हाला?

आम्ही तेव्हा किन्हीराजाला राहत होतो. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. माझा नवरा वाशीमला सरकी-कापसाच्या जिनात कामाला, आठवड्यानं घरी यायचा. भासरे आधी वाशीमलाच एका मोटारीच्या गॅरेजात होते. नंतर गावोगावच्या विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करू लागले. बंद पडलेलं इंजिन ते आधी नुसतं ऐकत. हँडल फिरवायचे, कान लावायचे, आणि मग पाना हातात घ्यायचे.

आमच्या भागात सुगी झाली की शंकरपट भरतो. सरळ रेषेत आखलेल्या दोन पट्ट्या, हलकी दोन चाकांची गाडी, तिला जुंपलेली जोडी, आणि शेवटी झेंडी. घड्याळ लावून वेळ मोजतात. श्वास घेऊन सोडाल तेवढ्यात जोडी झेंडीला पोचते. माझे सासरे अर्धं आयुष्य पटाला जात — दुसऱ्यांचे बैल धुवायला. धम्म घेतला त्या वर्षी त्यांनी ते काम सोडलं. पण पट काही भासऱ्यांच्या डोक्यातून गेला नाही. आमच्या वस्तीतल्या कोणाची जोडी कधी त्या पट्टीवर पळाली नव्हती. पळणार कुठून? बैल पोसायला रान लागतं.

मग एक दिवस वाशीमच्या भंगारवाल्याकडून त्यांनी वॉशर बांधून आणले, तो कागद परदेशातल्या कुठल्या तरी पुस्तकाचा निघाला. त्यावर एक गाडी होती. लांबच लांब, जमिनीला चिकटलेली. पुढं सायकलीसारखी बारीक चाकं, मागं रुंद टायर, आणि माणूस पार शेवटी, मागच्या चाकांच्याही मागं बसलेला. अशा गाडीला तिकडे ड्रॅगस्टर म्हणतात आणि ती अशीच सरळ पट्टीवर पळवतात, हे मला अलीकडे नातीनं सांगितलं. भासऱ्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. चित्राकडे बघून त्यांना आपोआप कळलं की ही पटाची गाडी आहे. त्यांनी तो कागद गोठ्याच्या खांबाला चिकटवला आणि भिंतीला सांगितलं, "बैल नसले म्हनून काय झालं."

दीड वर्ष लागलं. मोडीत निघालेल्या जीपचं इंजिन आणि मागचा दांडा आणला. विहिरीच्या कामातले दोन लांब लोखंडी पाइप आणले. बसायला ट्रॅक्टरची पत्र्याची सीट, पुढं जुन्या फटफटीची दोन चाकं. गाडी बारा-तेरा हात लांब झाली, गोठ्यातून नाक बाहेर आलं. गावानं तिला नाकतोडा नाव ठेवलं. येणारा-जाणारा वाकून बघे. "काहो मिस्त्री, हे बैलाबिगर कसं जुंपता?" भासरे मान वर न करता म्हणत, "जुंपत नाही. पाजतो." जाऊबाईंची कुरकूर वेगळी. "या नाकतोड्याच्या पायी घरातलं रॉकेल दिव्यापेक्षा नटालेच जास्त लागून राह्यलं."

नट रॉकेलात धुवायचं काम माझं. ते उंबऱ्याशी परात ठेवत. मी धुवून, पुसून, ज्या क्रमानं आले त्या क्रमानं फडक्यावर मांडून ठेवी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एकदा मांडले, तर ते बराच वेळ त्या फडक्याकडे पाहत उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते गाडीखाली निजले की नुसता हात बाहेर काढत आणि आकडा सांगत, आणि मी तेवढ्या नंबरचा पाना त्या हातात ठेवी. पान्यांवरचे आकडे इंग्रजी होते. शाळेत मला मराठी आकडे आले होते. इंग्रजी मी पान्यांवरून शिकले. सांगा, असं कोणी आपल्यावर विसंबलं तर माणूस किती उंच होतं? मी लाजाळू बाई, चार बायकांत सुद्धा तोंड उघडत नसे. पण त्या गोठ्यात मला वाटे की ही गाडी थोडी माझीही आहे.

आणि करीमचाचा. त्यांचं वाशीमला वेल्डिंगचं दुकान होतं. गाडी एवढी लांब की दुकानात नेता येईना, म्हणून ते गॅसचं सगळं सामान बैलगाडीत घालून स्वतः आले आणि तीन दिवस राहिले. गावातले बरेच लोक तेव्हा आमच्या घरचं पाणी घ्यायला कचरत. चाचा मागून घेत. माझ्या हातची भाकर खाताना म्हणत, "बेटी, ठेचा कम मत कर." एकेक जोड झाला की ते गार होऊ देत, हातोडीनं ठोकत आणि कान लावून ऐकत. भासरेही शेजारी वाकून ऐकत. दोन मोठी माणसं, एका पाइपाला कान लावून, डोळे मिटून. मी दारातून बघायची. पुढच्या दांड्याचा जोड ठोकून चाचा म्हणाले होते, "ये खुलेगा तो मुझे बोलके खुलेगा."

आता मला थांबता येणार नाही.

पटाच्या आदल्या दिवशी दुपारी भासरे पेट्रोल आणायला आमच्या तालुक्याच्या मालेगावला निघाले. पंचांनी कबूल केलं होतं: सगळ्या जोड्या पळून झाल्या, बैल दूर नेले की मिस्त्रीची गाडी एकटी पळेल, आणि पहिल्या आलेल्या जोडीच्या वेळेशी तिची वेळ लावून बघू. निघताना ते भिंतीकडे पाहून म्हणाले, "पुढच्या चाकाच्या पिना घालाच्या राह्यल्या. कोणी घालून ठेवन तर बरं होईन."

मी ऐकतच राहिले. गाडीला हात लावायचं काम त्यांनी मला दिलं होतं.

चाकाच्या दांड्यावर एक खाचांचा नट असतो. तो फिरून सुटू नये म्हणून त्याच्यातून आरपार एक दुपायी पिन घालतात आणि तिचे पाय वाकवतात. एवढंच. पिना दोनच होत्या, नव्या, डबीच्या झाकणात ठेवलेल्या. उजवीकडची मी घातली, पाय वाकवले. डावीकडची ग्रीसच्या बोटांतून निसटली आणि गाईच्या कुटारात, भुशाच्या ढिगात पडली. मी कुटार चाळलं. सूपभर सूपभर करून पाखडलं. पिन नाही.

त्यांच्या डब्यात जाड तार होती. ते आल्यावर नुसतं कळलं असतं तरी त्यांनी दोन मिनिटांत तिची पिन केली असती, आणि मला कोणी एका शब्दानं बोललं नसतं. पण मला वाटलं — काय वाटलं? की पहिलंच काम, आणि हिनं घालवलं. मी केसातला आकडा काढला. तोही दुपायीच की. भोकात घातला, पाय वाकवले, अगदी जागच्या जागी बसला. वरून ग्रीस फासलं.

दिवस बुडायच्या आत भासरे आले. कॅन खाली ठेवला आणि भिंतीला विचारलं, "पिना?"

मी बांगड्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही बायका बांधावर बसलो होतो. पहिल्या आलेल्या जोडीचा मालक रिठदचा होता, तो सगळ्यांना ऐकवत होता, "इतकं पेट्रोल माह्या जोडीले पाजलं असतं तं ते आतालोक वाशीमले पोचली असती." लोक हसले. मग भासऱ्यांनी इंजिन चालू केलं आणि हसणं ऐकू यायचं बंद झालं. ते सीटवर बसले होते, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, आणि मी त्यांना त्या दिवशी पदराआडून नाही, उघड्या डोळ्यांनी पाहिलं. सासरे ज्या पट्टीच्या कडेला बैलांचं शेण उचलत, त्या पट्टीवर माझे भासरे मधोमध बसले होते. सुटायच्या इशाऱ्याची झेंडी पडली. गाडी अशी सुटली की बांधावरच्या म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. अर्ध्या पट्टीपर्यंत — अर्ध्या पट्टीपर्यंत तिच्यासारखं मी आयुष्यात काही पाहिलं नाही.

मग डावं चाक एकटंच पुढं पळालं. दांडा जमिनीत रुतला, गाडी उलटली.

सगळे पळाले, मीही पळाले. वाटेत धुळीत तो नट पडला होता, आणि त्याच्या खाचेत माझ्या आकड्याचा अर्धा तुकडा. सगळे भासऱ्यांकडे बघत होते. मी नटावर पाय ठेवला. मग वाकून तो उचलला आणि कमरेला खोचला. त्यांना बाजेवर घालून नेत होते, त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं, आणि मी नट लपवत होते. तो मी नंतर विहिरीत टाकला.

रुतलेला दांडा पाइपापासून उखडला होता, नेमका चाचांच्या जोडावर. चाचा तिथं आले होते, बोलावल्याशिवाय, गाडी बघायला. त्यांनी गुडघे टेकून त्या जोडावर हात फिरवला. लोक म्हणालेच, "टाका कच्चा होता, त्यानंच चाक गेलं."

भासरे तीन महिने वाशीमच्या दवाखान्यात होते. खर्चासाठी नवऱ्यानं गाडी भंगारात दिली, त्यामुळे त्यांना ती परत बघायला मिळाली नाही. बघितली असती तर त्या माणसाला एका नजरेत कळलं असतं. ते घरी आले तेव्हा एक पाय आखूड झाला होता. चाचांनी निरोप पाठवला होता की मजुरी आणि दवाखान्याचा खर्च मी भरून देईन, एकदम नाही, पण देईन. भासरे ऐकेनात. जाऊबाईंना म्हणाले, "चाचाचा जोड सुटत नाही. दुसरंच काही झालं असन." मग भिंतीकडे पाहून, हळूच, जणू विचारायचीच लाज वाटते असं विचारलं, "पिना दोन्ही होत्या ना?"

आदल्या वेळी मला नीट कळत नव्हतं, असं एखादा म्हणेल. या वेळी मला सगळं कळत होतं.

मी बांगड्या वाजवल्या.

"मंग जोडच गेला असन," भासरे म्हणाले. त्यांनी चाचांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला.

ते पुन्हा इंजिनांच्या कामाला लागले, लंगडत. खांबावरचा कागद मात्र त्यांनी काढून टाकला. चाचांकडे आमच्या बाजूच्या गावांतून वखराचं, डवऱ्याचं, असल्या शेतीच्या अवजारांचं काम जायचं ते हळूहळू बंद झालं. दुकानात ते सायकलींचे पंक्चर काढू लागले. आणि महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, बसनं येऊन ते आमच्या ओट्यावर पैसे बांधलेला रुमाल सोडत. तीन वर्षं. एकही महिना चुकला नाही. भासरे पैसे घ्यायला नको म्हणत, तर चाचा म्हणत, "मेरे हाथ का काम था, मिस्त्री." अशी ती दोन माणसं होती. एकाला घ्यायचे नव्हते, दुसऱ्याला ठेवायचे नव्हते, आणि मी आत चुलीपाशी बसून दोघांना ऐकत होते.

शेवटच्या खेपेला घरात मी एकटी होते. भासरे कोणाच्या तरी विहिरीवर गेले होते, जाऊबाई बाजारात. चाचा फार वाळले होते. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि नोटा माझ्यासमोर ठेवल्या. "ले बेटी. आज सब पूरा हुआ. गिन ले."

चाचांसमोर मला बोलायला कधीच बंदी नव्हती. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी खाली बसून पैसे मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले. ते उभेच होते.

"पूर्ण आहेत, चाचा," मी म्हणाले.