अंगणीकाकी

बाळांनो, तुमच्या बाबांनी मला दिलेल्या मॅकवर मी पहिल्यांदाच काहीतरी कामाचं लिहिलं होतं: माझ्या धाकट्या बहिणीच्या नातीच्या लग्नासाठी पाच मंगलाष्टकं. ती बोरिवलीला कार्यालयात बहीणच म्हणणार होती. तिचा एक डोळा गेला आहे, दुसरा मंदावतो आहे. पाठ राहत नाही, म्हणून मोठ्या अक्षरांत छापून हवं होतं. "बघून वाचायचं हे माझं शेवटचं लग्न," असं तिने मला स्वच्छ सांगितलं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तिच्या घराखालच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे जुनाट विंडोज. त्याने माझी फाइल उघडली, अक्षरं मोठी केली आणि एक शब्दही न वाचता छापली. बहिणीने कागद डोळ्यांशी नेला.

"ताई, ही अंगणीकाकी कोण गं? मुलाकडची का?"

मी लिहिलं होतं, 'आली हात धरून आज वधु ही मामासवे अंगणी'. पुढची ओळ 'काकी'पासून सुरू होत होती. कागदावर ओळी नव्हत्याच. पाचही मंगलाष्टकं एकमेकांना चिकटून एकच लगदा झाला होता. ती भलतीकडे थांबली असती, की लोकांनी तिथेच अक्षता टाकल्या असत्या.

"आजी, मी काय नाय केलं," दुकानदार म्हणाला. "फाइलच तशी आलीय."

"तुम्ही काहीच केलं नाही, हे दिसतंच आहे."

बहिणीच्या मुलाला फोन लावला. तो गोरेगावला कॉम्प्युटर कंपनीत मोठा कोणीतरी आहे. "मावशी, नोन इश्यू आहे ना हा. मॅक आणि विंडोजचं लाइन एंडिंग वेगळं असतं."

"माहीत आहे, तर सुधारत का नाही?"

"तसं नसतं गं ते. मीटिंगमध्ये आहे, रात्री कन्व्हर्ट करून देतो."

दुकान संध्याकाळी बंद होणार आणि मुहूर्त सकाळचा. पण मीटिंग महत्त्वाची.

तो प्रकार काय आहे तो मी तुम्हाला सांगते, कारण मी टायपिस्ट होते. ओळ संपली की आम्ही टाइपरायटरचा डावा दांडा ढकलायचो. कागद धरणारा गाडा मागे यायचा आणि कागद एक ओळ वर सरकायचा. हाताची हालचाल एक, कामं दोन. कॉम्प्युटरवाल्यांनी त्या दोन कामांच्या दोन खुणा केल्या. विंडोज दोन्ही खुणा ठेवतं. मॅक आता फक्त दुसरी ठेवतं, पूर्वी म्हणे फक्त पहिली ठेवायचं. एकाची खूण दुसऱ्याच्या जुन्या प्रोग्रामला दिसत नाही. ओळ कुठे संपली, एवढ्या साध्या गोष्टीवर या जगभरच्या हुशार माणसांचं एकमत होत नाही, आणि आपल्या हट्टाला ते 'इश्यू' म्हणतात. आमच्या ऑफिसात एखाद्या मुलीने असं पत्र टाइप केलं असतं, तर साहेबांनी ते तिच्यासमोर फाडलं असतं.

"उठा," मी दुकानदाराला म्हटलं.

"आजी, तुम्हाला जमेल?"

"तुमच्या जन्माआधीपासून जमतंय."

मी त्याच्या खुर्चीवर बसले. मंगलाष्टकाच्या ओळीत एकोणीस अक्षरं असतात. मी बोटांवर अक्षरं मोजत गेले आणि दर एकोणिसाव्या अक्षरानंतर एंटर मारत गेले. बहीण शेजारी उभी राहून हळू आवाजात म्हणून बघत होती. तिसऱ्या मंगलाष्टकात ती अडखळली. "ताई, इथे एक कमी पडतंय."

मी पुन्हा मोजलं. अठराच. ते मात्र कुठल्याही कंपनीचं काम नव्हतं. चार वेळा वाचूनही मला ते दिसलं नव्हतं. 'आज' होतं तिथे 'आता ही' घालायला गेले, तर चाल मोडली. शेवटी बहिणीनेच शब्द सुचवला, तो मी निमूट टाइप केला. दुकानदाराने नवा कागद काढून दिला. या वेळी त्याने तो आधी वाचला.

दुसऱ्या दिवशी ती कागद नाकाशी धरून उभी राहिली आणि पाचही म्हणाली. 'सावधान'च्या आधी एकही अक्षत पडली नाही. खाली बसल्यावर तिने कागदाची घडी करून माझ्या हातात दिली.

"तुझ्याकडेच ठेव," ती म्हणाली. "पुढच्या वेळी तू म्हण."

माझा आवाज कसा आहे, ते तिला माहीत आहे. मी घडी पर्समध्ये ठेवली.