कंपनीची सीट

माझा मामा एकतीस वर्षं गाड्यांच्या सीट शिवतो. फाटलेलं कव्हर, बसलेला फोम, उंदरांनी कुरतडलेली गादी, पोरांनी पेनाने गिरवलेलं छत, सगळं त्याच्याकडे येतं. कुठल्याही गाडीत बसला की तो आधी मांडीखालच्या शिवणीवरून बोट फिरवतो. टॅक्सीतसुद्धा. मामी वैतागते, "अहो, हात काढा तिथून. ड्रायव्हरला वाटेल तुमचं काहीतरी पडलंय."

दुकानात त्याच्याबरोबर भागीदार होता. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणायचे. मामी 'लंबूभावजी' म्हणायची. दोघांनी एकाच कारागिराच्या हाताखाली काम शिकून मिळून हे दुकान टाकलं. दोन मशीन समोरासमोर. एकाने शिवायचं, दुसऱ्याने प्रत्येक शिवणीवरून अंगठा फिरवायचा, मगच माल गाडीत चढवायचा. ही पद्धत एक दिवसही मोडल्याचं मी पाहिलं नाही.

आणि एक नियम होता: एअरबॅगवाली सीट शिवायची नाही. बऱ्याच गाड्यांत पाठीच्या कडेला, सीटच्या आतच एअरबॅग बसवलेली असते. धडक बसली की ती कडेची शिवण फाडून बाहेर येते. म्हणून कारखान्यात तेवढ्या वीतभर शिवणीला मुद्दाम कच्चा धागा घालतात, टाके मोजून. तिथे आपला पक्का धागा घातला, तर ती पिशवी आतच अडकू शकते. मामाने हे कुठल्याशा पत्रकात वाचलं होतं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्याने मला बोलावून सगळं पुन्हा समजून घेतलं. मी वहीत चित्र काढून दाखवलं. शेजारी बसलेल्या लंबूनेही ते पाहिलं.

"म्हणजे इथे चांगलं शिवलं तर वाईट," मामा म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून अशी गिऱ्हाइकं परत जायला लागली.

गेल्या वर्षी मामाने आयुष्यातली पहिली नवी गाडी घ्यायचं ठरवलं. त्याची मुलगी सात तासांच्या रस्त्यावर राहते. ती बाळंत होणार होती, आणि आता महिन्यातून दोनदा तरी मामीला शेजारी बसवून हायवेने जायचं होतं. जुन्या गाडीत एकही एअरबॅग नव्हती.

शोरूममध्ये मी बरोबर गेले. टाय लावलेल्या सेल्समनने पडद्यावर एकेक गोष्ट निवडायला सांगितली.

"छताला काच घ्यायची का, सर?"

"वर काय बघायचंय?"

"बटणावर उघडणारी डिकी?"

"हात आहेत की."

"सीट?"

मामाने खुर्ची पुढे ओढली. पाऊण तास तो फक्त सीटवर बोलला. शेवटी कॉफी रंगाचं लेदर, पांढरा धागा आणि कडेला एअरबॅग असं ठरलं. अशी सीट कारखान्यातूनच बसून येणार होती, पाच महिने लागणार होते.

"सर, पाच महिने कशाला? साधी गाडी आहे स्टॉकमध्ये. लेदर आम्ही इथेच करून देतो. आठवड्यात गाडी दारात."

"नको. एअरबॅगची शिवण कारखान्यातलीच पाहिजे. तसं लिहून द्या."

सेल्समनने लिहून दिलं. हा माणूस काय काम करतो हे त्याने विचारलं नाही, आणि मामाने सांगितलं नाही.

लंबूने महिनाभर चेष्टा केली. "आयुष्यभर गिऱ्हाइकाला सांगितलंस, कंपनीपेक्षा आमचं काम भारी. आणि स्वतः मात्र कंपनीचं घेतोस! नाक कापलंस दुकानाचं."

"मला एकदा तरी अशा सीटवर बसायचंय जिच्यात आपल्या दोघांची एकही चूक नाही."

"माझ्या चुका कधी सापडल्या रे तुला?"

"सापडल्या असत्या तर एवढी वर्षं बसलो असतो का तुझ्या तोंडासमोर?"

दोघं हसले. मी तिथेच होते. लंबू मामापेक्षा जास्त वेळ हसला, हे मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही.

पाच महिन्यांनी गाडी आली. आम्ही तिघं ती घ्यायला शोरूममध्ये गेलो. मामी इस्त्रीची साडी नेसून शेजारच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "अगं बाई, किती मऊ!" मामाने सवयीने तिच्या सीटच्या पाठीच्या कडेला अंगठा लावला, खालून वर नेला आणि मध्येच थांबला.

"उतर."

"आत्ता तर बसले."

"उतर गं आधी."

मामी उतरली. तो गुडघ्यावर बसला. कडेची शिवण जाड, पक्क्या धाग्याची होती. 'एअरबॅग' लिहिलेली पट्टी वरून टाचलेली होती. मग त्याने कोपऱ्यापाशी डोळे नेले. लंबूची एक सवय होती. कोपरा वळताना तो मशीन थांबवायचा आणि चाक हाताने फिरवून एक अगदी छोटा टाका घालायचा, म्हणजे कोपरा सुटत नाही. हे त्याच्याशिवाय कुणी करत नसे. कारखान्यातलं यंत्र तर नाहीच नाही.

प्रत्येक कोपऱ्यावर तो छोटा टाका होता.

मामा माझ्याकडे बघून इतकंच म्हणाला, "लंबूने शिवलंय हे."

सेल्समन धावत आला. "सर, गाडी कारखान्यातून अशीच आलीय." मामाने किल्ल्यांच्या जुडग्यातला शिवण उसवायचा हूक काढला आणि कुणी अडवायच्या आत कडेचा तुकडा कापून काढला. आत कंपनीचं मूळ करडं कापड होतं. मॅनेजर बाहेर आला. कंपनीने तो पर्याय मध्येच बंद केला होता म्हणे, आणि गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून यांनी 'त्याच तोडीचं' काम करून घेतलं होतं. मी लिहून दिलेला कागद त्याच्यासमोर धरला. तो कागदाकडे न बघता मामीला म्हणाला, "मॅडम, तुम्हाला तर आवडली ना?"

बुकिंग रद्द झालं, रक्कम आठवड्यात परत मिळाली. मामा त्यासाठी थांबला नाही. तो कापलेला तुकडा घेऊन सरळ दुकानात गेला. लंबू एका व्हॅनचं बाक शिवत होता. मामाने तुकडा त्याच्या मशीनवर ठेवला.

"कुणाचं?"

लंबूने हात लावला नाही. "माझं."

"गाडी कुणाची, माहीत होतं?"

"चिठ्ठीवर तुझंच नाव होतं."

मला वाटलं मामा ओरडेल. तो स्टुलावर बसला.

"मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी कुणाकडून तरी करून घेतलंच असतं," लंबू म्हणाला. "म्हटलं, निदान तुला चांगलं तरी मिळेल. मी जीव ओतून शिवलंय ते."

"माझी बायको बसणार होती तिथे."

"अरे, रोज काय धडका होतात का?"

"वहीतलं चित्र बघितलं होतंस ना तू? माझ्या शेजारी बसून?"

"बघितलं होतं. आणि त्या दिवसापासून अर्धी गिऱ्हाइकं दारातून परत जाताना पण बघितली. आता बिनएअरबॅगची गाडी येते कुठे रे? तुझा नियम म्हणजे दुकानाला कुलूप. तुला सांगून उपयोग नव्हता. म्हणून घरी मशीन टाकलं, रविवारी तिथे शिवतो. शोरूमवाले सीट पाठवतात."

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

"गाड्या किती?"

लंबूने बाकाच्या शिवणीचा धागा कापला. मामाने पुन्हा विचारलं.

"तुझी धरून बारा."

इतका वेळ मामाच्या चेहऱ्यावर फक्त राग होता. आता तो पांढरा पडला. दीड वर्ष हा माणूस रोज सकाळी समोर येऊन बसत होता, त्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवत होता, त्याच्या डब्यातलं खात होता. आणि अकरा घरांतली माणसं त्या सीटला पाठ टेकून फिरत होती.

"चल," मामा म्हणाला. "अकराही घरी जाऊ. तू सांग, मी उसवतो."

"लोकांच्या दारात जाऊन मी नाक घासू? नाही जमणार." लंबूने कात्री पुसली आणि पिशवीत टाकली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, चिठ्ठ्यांचं एक पुडकं मामासमोर ठेवलं. त्यावर गाड्यांचे नंबर आणि मालकांचे फोन होते. "दुकान तुझं तुला लखलाभ," म्हणाला आणि गेला. व्हॅनचं बाक अर्धवट शिवलेलं मशीनखालीच राहिलं.

मी गाडीच्या कंपनीला मेल केला. 'आपली तक्रार नोंदवली आहे' एवढंच उत्तर आलं. मामाने पहिला फोन लावला आणि पुढच्या शनिवारी आम्ही एका शाळेतल्या बाईंच्या घरी गेलो. गाडी फाटकाच्या आत उन्हात उभी होती.

"तुम्हाला पाठवलं कुणी?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. आमच्या दुकानाच्या माणसाकडून चूक झालीय."

"आणि किती घेणार याचे?"

"काही नाही."

तिथेच त्यांना संशय आला. त्यांनी आमच्यासमोरच शोरूमला फोन लावला. फोन ठेवून म्हणाल्या, "ते म्हणतात, तुमचं त्यांच्याशी भांडण झालंय, म्हणून तुम्ही गिऱ्हाइकं भडकवत फिरताय."

मामा बोलायला चाचरला. मी कागद मागितला, त्यावर सीटचं आणि आतल्या पिशवीचं चित्र काढलं, शिवण कुठे फाटायला हवी ते दाखवलं. बाईंनी दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "माझी मुलगी बसते पुढे," आणि किल्ली दिली.

मामाने दार सताड उघडलं आणि काम सुरू केलं. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. अर्धी पाठ मोकळी झाल्यावर त्यांना राहवेना. "शिवण तर किती छान आहे हो. असं कसं वाईट काम म्हणता?"

मामाने मान वर केली नाही.

"वाईट नाही म्हटलं बाई मी. असं काम या गावात दुसरं कुणी करत नाही," तो म्हणाला आणि पुढच्या शिवणीत हूक घातला.