काळ्या मातीचे बूट

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "काका, रोज काही जड उचलता का?"

"नाही. फक्त पळतो."

"पावसाळ्यातबी?"

इथं मी गडबडलो. मी साठीचा निवृत्त शिक्षक. बदनापुरातल्या घरापासून रेल्वे फाटकापर्यंत रोज पळायचो आणि येताना दूध आणायचो. हिवाळ्यात मजेत, उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत. पावसाळ्यात मात्र दोनशे पावलांत बुटांना अर्धा-अर्धा किलो काळी माती चिकटते. शहाणा माणूस ती काडीनं खरवडतो. मी मुद्दाम ठेवायचो. हा फुकटचा पैलवानी व्यायाम, असं चार लोकांना ऐकवायचोही.

मी हे सगळं सांगितल्यावर डॉक्टर आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "स्ट्रेस फ्रॅक्चर आहे." म्हणजे न पडता, न आपटता, रोजच्या जादा भारानं हाडाला गेलेली बारीक चीर. माझ्या नडगीला ती होती. सहा आठवडे प्लॅस्टर.

"हाड बराबर जुळलं तर पळाल. न्हाई जुळलं तर मंग चालण्यावरच भागवायचं."

पळणं सुटलं तर मी दिवसभर करणार काय?

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "गुरुजी, पडलात कसे?" मी विषय बदलायचो. स्वयंपाकघरातून माझी बायको सुमन ओरडून सांगायची, "पडले न्हाईत! बूट पुसायचा आळस, दुसरं काय!"

दूध आता तीच आणायची. पहिल्या दिवशी तासाभरानं धापा टाकत आली. पंधरा दिवसांनी माझं पेपर वाचून होण्याआधी परत यायला लागली. एकदा म्हणाली, "रस्त्याकडंच्या शेतातल्या तुरी कमरेला लागल्यात की. कधी सांगितलं न्हाई तुम्ही."

मी घड्याळाकडं बघत पळायचो.

सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. हाड जुळलं होतं. "महिनाभर नुसतं चाला, मंग पळा," डॉक्टर म्हणाले. त्या महिन्यात सुमन पुढं आणि मी मागं. "चला जल्दी, दूध संपंल," हे मी रोज ऐकलं.

साठीनंतर पळणाऱ्यांनो, जरूर पळा. पण नडगी एकाच जागी आठवडाभर दुखत असेल तर मर्दुमकी दाखवू नका, एक्स-रे काढून घ्या.

मी आता पुन्हा पळतो. थोडं पुढं जातो आणि वळून सुमनपाशी येतो, कारण एकट्यानं फाटकापर्यंत जायला आता करमत नाही. पावसाळ्यात ती घरून काडी घेऊनच निघते. दर दोनशे पावलांवर हुकूम सुटतो, "पाय वर करा." मी तिच्या खांद्याला धरून एका पायावर उभा राहतो आणि तेवढ्या वेळात तुरी बघून घेतो.