कांताबाईंच्या अंगणातला मांडव

नागपुरात, महालात, मनोहररावांचं बिछायत केंद्र आहे. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, मांडव त्यांचाच. मोकळी जागा दिसली की त्यांना तिथं मांडव उभा दिसतो. मग ते भर रस्त्यात स्कूटर थांबवून बघत बसतात आणि मागचे लोक त्यांच्या खानदानाची चौकशी करतात.

कोकणात वादळानं घरांची छपरं उडाल्याचं कळलं, तेव्हा कुणी न बोलावता त्यांनी ट्रक भरला. बांबू, ताडपत्र्या, आणि लग्नातले झालरीवाले गुलाबी पडदे.

"झालरी काहून घेऊन राहिले?" त्यांच्या बायकोनं, पंचफुलाबाईंनी विचारलं. "तिथं का वरात येऊन राहिली?"

"झालर नसली तं मांडव उघडा वाटते वं!"

ट्रक पोचला त्या गावात माड आडवे झाले होते. समुद्र मात्र आपण काही केलंच नाही अशा चेहऱ्यानं पडून होता. मनोहररावांनी घराघरावर ताडपत्री ताणली, आतून गुलाबी पडदा लावला. ऊन पडलं की माणसं, भांडी, शेळ्या सगळं गुलाबी. अख्खी वाडी कुणाच्या तरी स्वप्नात राहायला गेल्यासारखी.

फक्त कांताबाई बाहेर. म्हातारी एकटी, घर पार कोसळलेलं, अंगात कणकण, तरी बोचकं घेऊन विहिरीच्या कठड्यावर बसलेली. फुकटचं घ्यायचं नाही, हा हट्ट. अंगणात मांडव उभा राहिला तरी उठेना. आभाळ भरून आलं.

"आजी, अंदर बसा ना. दुखणं वाढंल."

"मांडव तुमचा. तुम्हीच बसा."

"ट्रकात होता तोवर माहा. आता अंगण तुमचं, मांडव तुमचा. यजमान अंदर गेल्याबिगर मी पाय ठेवत नाही. बापाच्या वेळचा रिवाज आहे आमचा."

आणि ते खरोखरच बाहेर उभे राहिले. पाऊस आला. धारांपलीकडे मांडव पाण्यावर तरंगू लागला, झालरी हलक्या हलक्या वल्हवू लागल्या. मनोहरराव हरवून बघत राहिले आणि सणसणीत शिंकले.

"अहो, आत जा की! ताप येईल!"

"तुम्ही बोलवा, जातो."

"मी कशी बोलावू? मीच बाहेर!"

"तेच तं म्हणून राहिलो मी, आजी."

कांताबाई पुटपुटत उठल्या. केसांवरून हात फिरवला, बोचकं काखेत मारलं, आत गेल्या. क्षणभर वर झालरीकडे बघितलं. मग दारात येऊन कमरेवर हात ठेवले.

"या आता. आणि पाय पुसून या हो, घर आहे माझं."