पाटीवर नुसतं ॥ श्री ॥

रविवारी सकाळी वज्रेश्वरीहून सुनंदाचा फोन आला आणि हातातला चहा मी तसाच खाली ठेवला. पण गोष्ट दिवाळीच्या आधीपासून सांगायला हवी...

सुनंदा माझी मावसबहीण. गरम पाण्याच्या कुंडांपासून पाच मिनिटांवर तिच्या चार खोल्या आहेत, यात्रेकरूंना भाड्याने देते. नवरा गेल्यापासून गिऱ्हाईक रोडावलं. दिरांनी मुदत घातली... होळीपर्यंत खोल्या भरल्या नाहीत तर विकून टाकायच्या.

घरात शिकलेला मी एकटाच, असा तिचा समज. म्हणून वेबसाइट मी केली. मजकूर भारदस्त, 'उष्णोदकाच्या सान्निध्यात निवासव्यवस्था' वगैरे! आणि प्रत्येक पानाच्या टायटलच्या जागी, शास्त्राप्रमाणे, ॥ श्री ॥. मंगलाचरणाशिवाय आम्ही वाणसामानाची यादीही सुरू करत नाही.

दोन महिने चिटपाखरू फिरकलं नाही.

शेवटी भिवंडीत एस.टी. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेलो. तो चालवणाऱ्या सलमाबाईंनी सर्च करून दाखवलं. सातव्या पानावर, तळाशी, निळ्या अक्षरांत आमची ओळ... ॥ श्री ॥. बस, एवढंच.

"सर, ये श्री कौन है? लॉजचं नाव आहे काय?"

"देवाचं स्मरण आहे ते."

"देवाला तर सगळेच ओळखतात. सुनंदाताईंना कोण ओळखतं? टायटल म्हणजे दुकानाची पाटी, सर. पाटीवर काय मिळतं ते लिहा, श्री आत ठेवा."

मग माझी शिकवणीच झाली. कीवर्ड म्हणजे गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने मागतं ते शब्द. ("उष्णोदक तुमची बहीण तरी बोलते काय?") लिंक म्हणजे दुसऱ्या साइटने आपल्याकडे दाखवलेलं बोट, ओळखीच्या माणसाने शिफारस करावी तसं. आणि सर्चवाल्यांचा क्रॉलर नावाचा एक प्रोग्राम रात्रंदिवस पानामागून पान वाचत फिरतो. माझं लेखन इतक्या निष्ठेने वाचणारा हा पहिलाच... तोही माणूस नाही!

नवं टायटल लिहिलं, 'वज्रेश्वरी गरम पाण्याचे कुंड, राहण्यासाठी खोल्या'. हात जरा जड झाला, खोटं कशाला बोलू.

पुढे कित्येक आठवडे शुकशुकाट. "सब्र करो सर, वाचू दे त्याला," सलमाबाई म्हणायच्या. होळी जवळ येत चालली होती...

आणि रविवारी हा फोन. "अण्णा, जालन्याचे एक मास्तर आलेत, बायकोला घेऊन. गुडघे धरलेत त्यांचे. मुलाने म्हणे कॉम्प्युटरवर गरम पाण्याचे कुंड, राहण्याची सोय असं लिहिलं, तर आपलंच नाव वर आलं! उरलेल्या तीन खोल्यांसाठीही फोन आलेत. भावजी सकाळपासून दारांना रंग देतायत... मुकाट्याने!"

कुठे जालना, कुठे या चार खोल्या. मधे ना चिठ्ठी, ना ओळख. जगभरच्या पानांच्या ढिगातून त्या न दिसणाऱ्या वाचकाने एका दुखऱ्या गुडघ्याला नेमकं सुनंदाचं दार दाखवलं. अदृष्टावर, म्हणजे न दिसणाऱ्या शक्तीवर, तरुणपणी पुष्कळ पाठांतर केलंय मी. अंगावर काटा मात्र परवा पहिल्यांदा आला.

काल सलमाबाईंना पेढे दिले. एक तोंडात टाकून त्यांनी पुन्हा विचारलं, "अब बताओ सर, श्री कौन है?"

मी त्यांच्या कॉम्प्युटरकडे वळून नुसते हात जोडले.