तीन थ्रेड आणि माझी एक ओळ

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. मंगळवार पेठेतल्या एका माडीवर बसून आम्ही दूध संस्थांसाठी प्रोग्रॅम लिहायचो. गडहिंग्लजजवळच्या एका गावातल्या संस्थेत आमचे तीन प्रोग्रॅम चालत. एक दुधाचं वजन घेई, दुसरा फॅट, तिसरा पावती छापी. प्रोग्रॅम जावा भाषेतले, आणि ते चालवणारं जावा प्रत्येकासाठी वेगळं सुरू व्हायचं. कॉम्प्युटर जुना, मेमरी तोकडी, त्यामुळे सगळं रखडायचं. मग मला शहाणपण सुचलं. तिन्ही कामं एकाच जावामध्ये तीन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे तीन धागे, करून बसवली. काम असं पळायला लागलं की आठवडाभर मी कॉलर ताठ करून फिरलो.

तिथला कॉम्प्युटर एक बाई चालवत. चाळिशीच्या, सातवी शिकलेल्या. गावात कॉम्प्युटरला हात लावणाऱ्या पहिल्याच, त्यामुळे त्यांचा रुबाब होता. एका सकाळी मी तिथे असतानाच प्रिंटरचा कागद संपला. त्या नवा घालायला वाकल्या आणि सगळंच बंद पडलं. किटल्या घेतलेली रांग दाराबाहेर गेली.

"काय दाबलंसा?" सेक्रेटरींनी सगळ्यांदेखत विचारलं.

"काय न्हाय. कागदच घालत हुते की."

दहा मिनिटांत मला चूक सापडली. पावतीच्या प्रोग्रॅममध्ये मीच कधीतरी लिहिलं होतं, कागद संपला की बंद हो. तो वेगळा होता तोवर एकटाच बंद पडायचा. आता तिघांचं घर एक झालं होतं आणि माझी ती ओळ घराचा मेन स्विचच पाडत होती. एकत्र करताना ती काढायची मी विसरलो होतो.

"चुकीचं बटण दाबलं गेलं असणार," मी म्हणालो आणि ती ओळ गुपचूप काढून टाकली.

पुढच्या खेपेला खुर्चीत दुसराच माणूस होता. बाई मागच्या अंगाला कॅन धूत होत्या. मी त्या बाजूला फिरकलोच नाही. आजही ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

काही वर्षांनी नृसिंहवाडीला घाटाच्या पायऱ्यांवर त्या भेटल्या. नातीला घेऊन आल्या होत्या. त्यांनीच मला ओळखलं.

"सर, त्या दिवशी माझ्याकडनं नेमकं काय दाबलं गेलं वो? अजून ध्यानात येत न्हाय बघा."

नात माझ्याकडे बघत होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"जाऊ द्या हो," मी म्हणालो. "होते चूक माणसाकडून."

मी त्यांना माफ केलं, असं समजून त्यांनी मला हात जोडले.