भाप्याचं पुढं काय झालं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवासमोर तर नाहीच — त्याला ठाऊक असेल तर असू दे. तुम्हाला सांगतेय, पण माझी कीव करायला येऊ नका. मला ती खपत नाही.

सुमन माझी धाकटी जाऊ. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीत आमचं घर. आमचे हे महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर, आणि दीर मुंबईत खोली शोधत हिंडणारा. घरात आम्ही दोघी आणि माझी तन्वी. सुमनला मूल नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण मीही ते नीट लक्षात ठेवलं होतं.

मोड आलेले वाल सोलायला बसलं की सुमन गोष्ट सांगायची. परातीत कोमट पाणी, त्यात वाल, आणि तिच्या तोंडात भाप्या. महाडजवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडाखाली राहणारा, नुसतं बोट बुडवून पाणी तापवणारा राक्षस. तिनंच रचलेला. नियम एकच — वाल संपले की गोष्ट थांबणार, मग भाप्या कड्यावर लोंबकळत का असेना. गोष्ट लांबावी म्हणून तन्वी मूठभर वाल मांडीखाली लपवायची. मी ओरडायचे. बिरड्याला उशीर होतो म्हणून? छे. मी सांगायला बसले की तीच पोर भराभरा सोलून उठायची, म्हणून.

आणि एकदा ती तापानं फणफणली होती. मी उशाशी. डोळे उघडून तिनं हाक कुणाला मारली? — काकीला. मी कपाळावरची ओली घडी बदलत राहिले. तेव्हापासून सुमन माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरून? हो, एवढ्याशाच.

मग दिराला खोली मिळाली. जायच्या आधी सुमननं गोष्ट शेवटाला नेली — डोंगराखालच्या राणीनं घातलेली बेडी तुटली, भाप्या सुटला. संपली, म्हणाली. तन्वीनं विचारलं, मग पुढं? पण वाल संपले होते. नियम तिनंच केलेला, तिनंच पाळला.

दुसऱ्या दिवशी वीर स्टेशनावर मुंबईची गाडी धरायची होती. रिक्षा दारात आली तेव्हा तन्वी अजून झोपलेली. सुमननं मला पडवीत बाजूला घेतलं.

"वैनी, पोरगी इचारल. तिला सांगा, भाप्या कुठं गेला नाय. कुंडात बसून म्हाताऱ्यांचे गुडघे शेकतो. आणि वाल सोलताना पाणी गरम लागलं की समजायचं, भाप्या आलाय. मग तिला एकटं वाटायचं नाय."

सांगते, म्हटलं मी.

तन्वीनं उठल्या उठल्या विचारलं. आणि मी — मी सांगितलं, भाप्या मेला. काकीनंच मारला. आता मुंबईला गेली ती, तिला कशाला हवाय भाप्या? जाताना मला सांगून गेली.

पोर रडली नाही. रडली असती तर कदाचित — नाही, तरीही मी खरं बोलले नसते. उगाच स्वतःला चांगलं कशाला ठरवू?

काकीचा फोन आला की तन्वी परसात पळायची. गणपतीला सुमन आली ती पिशव्या टाकून, हात पसरूनच. तन्वी खांब धरून उभी राहिली. "तू भाप्याला मारलंस," म्हणाली.

सुमननं माझ्याकडं बघितलं. मी पुढ्यातल्या वालांच्या परातीत बघत होते. मग ती म्हणाली, "हां गो. चुकलंच माझं."

मला खोटी पाडली असती तर भांडले असते, तोंड होतं मला. पण नाही — लेकीसमोर आई खोटी पडू नये म्हणून हिनं सगळं आपल्या अंगावर घेतलं. कुणी सांगितलं होतं हिला? त्या एका वाक्याचा मला तिच्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त राग आला. आजही येतो.

त्यानंतर आमच्या घरात तिनं गोष्ट सांगितली नाही. वर्षं सरली तसं येणंही कमी केलं. गेल्या पावसाळ्यात तिकडंच वारली. तन्वी मयताला गेली नाही. मीही जा म्हटलं नाही.

यंदा तन्वी सासरहून तिच्या लेकीला घेऊन आली. काल दोघी सवला जाऊन आल्या. तिथं पोरीनं विचारलं, हे पाणी कोण तापवतं, आणि तन्वीच्या तोंडून निसटलं — भाप्या. आज परातीभोवती आम्ही तिघी वाल सोलत होतो. नातीनं विचारलं, भाप्या आता कुठंय?

"मेला," तन्वी म्हणाली. "काकीनं मारला." मान वर न करता, अजून त्याच रागानं.

खरं काय ते ठाऊक असलेली आता मी एकटीच. तोंड उघडायला काय लागत होतं?

नातीनं परातीत हात घातला. "आजी, पाणी गरम लागतंय." आणि माझ्याकडं बघत राहिली.

"गॅसवर तापवलंय मी," म्हटलं. "सोल गुपचूप."